लोटनभाऊ दुबईला कधी गेलेच नव्हते

लोटनभाऊंची नक्कल करायला फार काही लागत नाही. नाक थोडं वर धरायचं, शेजारच्या घरात काहीतरी करपतंय आणि ते आपल्यालाच आधी कळलंय, असं. बोलायच्या आधी जिभेनं टाळ्याला एक 'टक्' द्यायचं. आणि कोणी समोर आलं की दोन्ही हात जोडून वर न्यायचे, मान झुकवायची, मग मध्येच काहीतरी आठवल्यासारखं करून तेच हात दाढी खाजवायला वापरायचे. एवढं केलं की आमच्या जळगावच्या पिंप्राळ्यातल्या कॉलनीतलं शेंबडं पोरगंही ओळखतं. मी कॉलेजच्या गॅदरिंगला प्राचार्य केले, नगरसेवक केले, घंटागाडीचा भोंगा केला. पण पब्लिक ओरडायचं ते एकच, "थायलंड कर, थायलंड."

भाऊंना हे माहीत होतं. एकदा त्यांनी मला गेटवर धरलं.

"करून दाखव रे नकल्या."

मी केलं. जीव मुठीत धरून केलं. त्यांनी परीक्षकासारखं पाहिलं आणि म्हणाले, "हात अजून वर जातात. अंगठा नाकाच्या शेंड्याला लागला पाहिजे. मोठ्या माणसाला तिकडं तसा नमस्कार करतात. मी मध्येच सोडतो, मला लाज वाटते म्हणून. तू कशाला सोडतो?"

असा माणूस.

भाऊ मूळचे धुळ्याकडचे. जळगावला एका हॉटेलात भाज्या करायचे. तिथून एका एजंटानं त्यांना पटायाला नेलं, इंडियन हॉटेलात. तिथं आधी कांदे सोलले. मग शेजारच्या गल्लीत एका थाई बाईची खानावळ होती, तिथं लागले, आणि नऊ-दहा वर्षं तिथंच राहिले. पैसे धाडले. त्यात इथलं घर झालं, पोरगी जागृती बी.फार्म झाली. बाई थकल्या, खानावळ बंद झाली, भाऊ परत आले आणि डाळमिलच्या गेटवर वॉचमन म्हणून खुर्ची टाकून बसायला लागले. झालं. आता यात डोळा मारण्यासारखं काय आहे?

पण आपल्याकडं कसं आहे, दुबईला गेला तो कमावता. सौदीला गेला तो कष्टाळू. अमेरिकेला गेला तर त्याच्या आईशी बोलायला स्टूल घ्यावं लागतं. आणि थायलंडला गेला म्हटलं की ऐकणाऱ्याचा एक डोळा आपोआप बारीक होतो. त्याला कारण आपलेच लोक. खतवाल्या कंपन्या दुकानदारांना बक्षीस म्हणून तिकडं फिरवून आणतात. ते परत येऊन घरात देवळांचे फोटो दाखवतात आणि कट्ट्यावर काय दाखवतात ते मी इथं लिहीत नाही. तर थायलंड म्हणजे ते. तिथं कोणी भांडी घासायला जातं, यावर इथं कोणाचा विश्वासच नाही.

सलूनमध्ये हे रोजचं होतं.

"भाऊ, तिकडचं सांगा ना कायतरी."

"काय सांगू?"

"तेच. रात्रीचं."

"रात्री भांडी घासायचो."

दुकानभर हशा. "भांडी म्हणे." भाऊ खरं बोलायचे, आणि जितकं खरं बोलायचे तितकं लोकांना वाटायचं, गडी पोचलेला आहे, पत्ता लागू देत नाही. भाऊंचं नाक अजून वर जायचं. अर्धी दाढी तशीच सोडून उठून गेलेले मी त्यांना पाहिलंय. पुढचे दोन दिवस डाळमिलच्या गेटवर तसेच बसले, अर्धे गुळगुळीत, अर्धे खुंट.

परत आल्यावर हायवेवरच्या एका हॉटेलात त्यांनी प्रयत्न केला होता. मालकानं हौसेनं त्यांचं थाई सूप ठेवलं. गिऱ्हाईक यायचं, वाटीत पाहायचं आणि विचारायचं, तर्री कुठंय? आपल्या खान्देशात रश्श्यावर लाल तेल तरंगलं नाही तर लोकांना वाटतं आपला अपमान केला. मालक म्हणाला, भाऊ, वरून दोन चमचे तेल सोडायला काय जातं? भाऊंनी ॲप्रन काढून त्याच्या गल्ल्यावर ठेवला. "तेल तुम्हीच सोडा," म्हणाले, "मी सोडून चाललो." हे वाक्य त्यांनी स्वतः मला नंतर पुष्कळदा सांगितलं. त्यांना ते फार आवडायचं.

मग सूप घरी. रविवारी. शोभाकाकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, त्या दिवशी स्वयंपाकघरात यायची बंदी.

आधी बाजार. आमची भाजीवाली कोथिंबिरीच्या जुडीची मुळं कापून फेकायची, भाऊ ती खाली बसून गोळा करायचे. ती म्हणायची, "भाऊ, बकरी पाळली काय?" भाऊ म्हणायचे, "तू फेकते तो माल ए. पाला तुझा तुला राहू दे." घरी येऊन ती मुळं धुवायची, भिजवलेल्या लाल मिरच्या, लसूण, आलं आणि गवती चहाचा खालचा पांढरा दांडा, सगळं खलबत्त्यात. मिक्सर नाही. मिक्सर काढला तर ते खोलीतून निघून जायचे. आपण गवती चहाची वरची पानं चहात टाकतो आणि दांडा फेकतो, यावर त्यांचं एक लांबलचक भाषण होतं. तेही मी करतो, पण त्याला टाळ्या मिळत नाहीत.

कुटलेलं वाटण चमचाभर तेलात परतायचं, ठसका लागला की नारळाच्या दुधातली वरची घट्ट साय, मग पाणी. अंगणातल्या लिंबाची चार पानं चुरगाळून आत. किंचित गूळ. त्यात सोडायचे मोमो डेअरीच्या फ्रीजरमधल्या पाकिटातले असायचे. "तिकडं हे आम्ही हातानं वळायचो, एका बैठकीत परातभर. इथं कोणासाठी वळू?" म्हणायचे. मोमो गोठलेलेच सोडायचे, मंद आचेवर, कारण जोरात उकळलं की नारळाचं दूध फाटतं. ते वर आले की गॅस बंद. आणि लिंबू? लिंबू गॅस बंद केल्यावर. मी एकदा आधीच पिळायला गेलो तर त्यांनी पळीनं माझ्या हातावर फटका दिला. "उकळत्यात लिंबू पिळतो? कडू होतं, अक्कल ए का?"

पंधरा-वीस मिनिटांत वाट्या समोर. पहिल्या घोटाला कोणी बोललेलं चालायचं नाही. "आधी आंबट येतं, मग तिखट, मग गोड. मीठ सगळ्यात शेवटी येतं आणि गुपचूप बसतं. बोलला की चुकलं."

माझी आई एकदा वाटी घेऊन आली. तिनं चव घेतली, फार मनापासून म्हणाली, "छान आहे हो भाऊ. आजारी माणसाला चांगलं. वरून थोडी तर्री असती ना."

"वहिनी," भाऊ म्हणाले, "खाली किराणा दुकान ए. तेलाचा पाऊच घ्या आणि जिभेला लावून या."

आई आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही. मी मात्र ते सूप आवडीनं प्यायचो. खरंच सांगतो, नाकातून पाणी यायचं आणि डोकं धुतल्यासारखं हलकं व्हायचं.

तर हा माणूस आणि त्याची पोरगी लग्नाची. जागृती शांत, हसरी, लॅबमध्ये नोकरीला. तिला पाहून गेलेल्या आधीच्या दोन्ही घरांनी 'कळवतो' म्हटलं होतं आणि कळवलं नव्हतं. मध्यस्थ गुलाबनाना, कॉलनीतली निम्मी लग्नं त्यांनी जमवलेली, ते एकदा स्पष्टच बोलले, "लोटन, पोरगीत काही नाही. तुझं ते थायलंड आडवं येतं."

तिसरं स्थळ धुळ्याचं आलं. मुलगा नरडाण्याला एका कंपनीत इंजिनीअर, घरी शेती. मुलाचा फोटो जागृतीनं दोनदा पाहिला, हे काकूंनी हेरलं. भाऊंनी ठरवलं, या वेळी पोहे नाहीत.

"माझ्या हातचं सूप देऊ. माणूस तिकडं काय करत होता ते डोळ्यांनी पाहतील. मग कोणाचं तोंड उघडेल?"

काकू म्हणाल्या, "पोरगी दाखवायची ए का तुम्हाला?"

पण भाऊंनी ऐकलं नाही. त्या दिवशी मोमोसुद्धा हातानं वळले. सकाळपासून मैद्याच्या पाऱ्या, आत कोबी, गाजर, पनीर. मला खुर्च्या लावायला बोलावलं होतं, म्हणून मी हे सगळं पाहिलं. पाहुणे आले, मुलगा, त्याचे आईवडील, आजोबा, ज्यांना सगळे आबा म्हणत होते, आणि मुलाचे मामा. मामांचं धुळ्याला खताचं दुकान.

भाऊ ॲप्रन लावूनच बाहेर आले. वाट्या दिल्या. आबांनी वाटीत वाकून पाहिलं.

"हाई काय शे?"

"सूप ए आबा. तिकडचं."

"भाकर शे का?"

भाऊंचं नाक वर गेलं. काकूंनी धावत जाऊन कळण्याची भाकरी आणली. आबांनी ती सगळी सुपात कुस्करली, वर कच्चा कांदा घेतला, आणि हातानं ओरपायला लागले. तिकडच्या खानावळवाल्या बाईनं पाहिलं असतं तर, असं काहीतरी भाऊंच्या तोंडावर दिसत होतं. पण आबांनी वाटी पुढं केली. "आजून दे." दुसरी वाटीही संपवली, मिशा पुसल्या आणि म्हणाले,

"चांगलं शे भो. कोनी शिकाडं तुले?"

कोणी शिकवलं तुला. एवढंच. पण परत आल्यापासून हे त्यांना कोणीच विचारलं नव्हतं. ना सलूनमध्ये, ना गेटवर, ना आम्ही. भाऊ एकदम खालीच बसले, आबांच्या पायाशी, आणि सुटले. पी नोई. पी म्हणजे तिकडं अक्का. साठीची बाई, तंबाखूची नाही पण सुपारीची सवय, दात काळे. पहिलं वर्षभर तिनं भाऊंना गॅसला हात लावू दिला नाही. चुकलं की पळीनं मारायची. भाऊंना ताप आला तर हेच सूप तिनं खोलीवर आणून दिलं. "आबा, माझी आई गेली तेव्हा मला यायला मिळालं नाही. त्या दिवशी ती दुकान बंद करून माझ्याजवळ बसली. भाषा येत नव्हती मला तेव्हा नीट. नुसती बसली."

आबा मान हलवत होते. भाऊंनी मोबाइल काढून फोटो दाखवला. खानावळीचा, सगळे ओळीत उभे, मध्ये ती काळ्या दातांची बाई, तिचा हात भाऊंच्या खांद्यावर. आबांनी पाहून मामांकडं दिला. मामांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. नोईवर नाही. मागं उभ्या असलेल्या दोन पोरींवर.

"आणि ह्या?"

"त्या वाढायला होत्या."

"वाढायला," मामा म्हणाले आणि मुलाच्या वडिलांकडं बघून डोळा बारीक केला.

खोलीतलं मला आठवतं ते म्हणजे काकूंचा चेहरा. त्या मानेनं नुसतं 'नको, नको' करत होत्या. पण भाऊंनी जिभेचं 'टक्' केलं.

"मामा, तुम्हीपण जाऊन आलात ना कंपनीच्या टूरवर? तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहिती असेल. मी तर नऊ वर्षांत भांड्यांच्या मागून बाहेरच आलो नाही."

मामांची बायको सोबत आली नव्हती, तेवढं नशीब. पाहुणे उठले. आबा म्हणाले, चांगलं झालं जेवण. मामा म्हणाले, कळवतो.

आठवड्यानं गुलाबनाना आले. मुलगा अडून बसला होता, करीन तर हिच्याशीच. आबा त्याच्या बाजूनं. पण घरात मामांचा शब्द मोठा, आणि मामा काही खुळे नव्हते. त्यांनी तोड काढली होती.

"ते म्हणताहेत, लग्नात चार लोक विचारतील, व्याही काय करायचे. तर तिथं थायलंड नको. दुबई म्हणायचं."

"दुबई?" भाऊ म्हणाले. "दुबईला मी विमान बदलायलाही उतरलो नाही."

"मग काय झालं? एक गाव तर बदलायचं ए. काम तेच."

"माणसं तीच का?"

गुलाबनानांना हा प्रश्न समजला नाही. काकू म्हणाल्या, "म्हणा ना. कोण तपासायला जातंय?" भाऊ तावातावानं बोलायला लागले. चोरी केली का, कोणाला फसवलं का, हे घर कोणत्या पैशाचं, त्या खतवाल्यानं मला शिकवायचं का. आवाज आमच्या घरापर्यंत येत होता, म्हणून मी आणि आई दारातच येऊन उभे होतो. मग जागृती आतल्या खोलीतून आली.

"पप्पा, तुम्ही तिकडं होता तेव्हा शाळेत मला पण विचारायचे."

"काय विचारायचे?"

ती खाली बघत राहिली. भाऊंनी पुन्हा विचारलं, हळू, "काय विचारायचे, जागू?"

तिनं फक्त मान हलवली, सांगणार नाही म्हणून.

भाऊ उठून बेसिनपाशी गेले, तोंड धुतलं, टॉवेलनं बराच वेळ पुसलं. परत आले तेव्हा नाक खाली होतं. "कळवा त्यांना, नाना," म्हणाले. "दुबई."

लग्नाच्या आधी ते माझ्याकडं आले. "तुला मोबाइलवर सगळं सापडतं. दुबईचं दाखव." मी उंच इमारती दाखवल्या, वाळू दाखवली. ते शाळेतल्या पोरासारखे बघत होते. तिकडं पाऊस पडतो का रे? भाजी कुठून येते? खोल्यांना पंखे की एसी? मी म्हटलं, भाऊ, गॉगल घाला आणि मध्ये मध्ये हबीबी म्हणा, बास. नक्कल करूनही दाखवली, दुबईहून आलेल्या माणसाची, परफ्युम मारून चालणारी. एरवी ते माझ्या नकलेत चुका काढायचे. या वेळी म्हणाले, "तू म्हणतो तर असेल तसं." आणि ती हबीबीवाली चाल त्यांनी माझ्यासमोर करून पाहिली. मला हसू आलं नाही. मी सगळ्यांना हसतो, तरी आलं नाही.

लग्न धुळ्याला झालं. भाऊ सुटाबुटात, मामांच्या शेजारी. मामा एकेकाला ओळख करून द्यायचे, "आमचे व्याही. दुबईला होते." लोक आदरानं हात मिळवायचे. एक डोळासुद्धा बारीक झाला नाही. "ऊन फार तिकडं?" "फार," भाऊ म्हणायचे. "पगार चांगला?" "चांगला." जागृती स्टेजवर इतकी खूश होती की मला वाटलं, जाऊ द्या, पचलं सगळं.

जेवणं झाल्यावर मंडपाच्या मागच्या बाजूला, जिथं खुर्च्यांचे ढीग लावत होते, तिथं भाऊ एकटे जाऊन बसले. मी बाजूला पाणी पीत होतो. नरडाण्याकडचा एक पोरगा त्यांना शोधत आला. नवरदेवाचा चुलतभाऊ, विशीतला, मिसरूड नीट न फुटलेला. तो खाली वाकून पाया पडला.

"काका, मी पण दुबईला चाललोय. एजंटनं हॉटेलच्या किचनचं काम दिलंय. घरी कोणाला काही माहिती नाही तिकडची. तुम्ही सांगा ना, कसं असतं?"

भाऊंनी शेजारची खुर्ची पुढं ओढली. "बस."

आणि सांगायला लागले. पहिलं वर्ष तुला कोणी गॅसला हात लावू देणार नाही, कांदेच कापायचे, वाईट वाटून घ्यायचं नाही. रडू येतं. कांदे कापताना रड, कोणाला कळत नाही. पायाला भेगा पडतात ओल्या फरशीवर उभं राहून, झोपताना तेल लाव. भाषा येत नाही म्हणून लाजू नको, भांडं पुढं कर, माणसं समजतात. घरी फोन केलास की खाल्लं का विचारतील, खाल्लं म्हण. जो शिकवेल त्याचा मार खा, पण त्याला सोडू नको.

पोरगा डोळे मोठे करून ऐकत होता. मीही ग्लास हातात धरून तसाच. यातलं अर्धं भाऊंनी आम्हाला कधी सांगितलं नव्हतं, कारण आम्ही विचारलंच नव्हतं. एकही गोष्ट खोटी नव्हती. फक्त गावाचं नाव यायची वेळ आली की ते किंचित थांबायचे आणि दुबई म्हणायचे.

"तुम्हाला शिकवलं कोणी तिकडं?" पोरानं विचारलं.

भाऊंचे हात जोडले गेले आणि वर जायला लागले. मंडपातून मामा याच बाजूला येत होते, कोणातरी बड्या पाहुण्याला घेऊन, ओळख करून द्यायला. भाऊंनी त्यांना पाहिलं.

"होता एक उस्ताद," ते म्हणाले. "म्हातारा होता. चांगला माणूस."

"नाव काय त्यांचं?"

भाऊंनी हात खाली मांडीवर ठेवले.

"नाव विसरलो," म्हणाले, आणि सुटाचं बटण लावत मामांच्या पाहुण्यासाठी उठून उभे राहिले.